रोमनांची मोरी आणि आपल्या मेंढ्या

लो थ्रँग,
महामार्गाच्या पश्चिमेकडून,
मंगळवार, १६ सप्टेंबर

तीर्थरूप युनिस आत्याआजींना,

ब्रायनीचा साष्टांग नमस्कार. साष्टांग हा शब्द मी या वेळी सवयीने लिहिलेला नाही. गेल्या गुरुवारी मी महामार्गाच्या खाली, मेंढ्यांच्या गर्दीत, आठही अंगं जमिनीला टेकवून बराच वेळ पडले होते आणि माझं तोंड तुमच्या घराकडे होतं. तेव्हा तो नमस्कार तुम्हाला त्याच दिवशी पोचला असं धरायला हरकत नसावी.

सर्वांत आधी एक दुरुस्ती. मे महिन्यातल्या पत्रात मी तुम्हाला कळवलं होतं की आपल्या खालच्या कुरणाच्या कोपऱ्यात, महामार्गाच्या भरावाखाली, मला एक रोमन मोरी सापडली असून तिच्या दोन्ही भिंतींवर कमरेएवढ्या उंचीवर तांबड्या रंगाचा नक्षीपट्टा आहे. हे चूक आहे. मोरी रोमन नाही. मुळात ती मोरीच नाही. महामार्ग आला तेव्हा आपल्या मेंढ्यांना रस्त्याखालून पलीकडच्या डोंगरावर जाता यावं म्हणून बांधलेला तो बोगदा आहे. तांबडा पट्टा ही नक्षी नसून आपल्या मेंढ्यांच्या पुठ्ठ्यावरच्या मालकीच्या खुणेचा रंग आहे, जो जाता-येता भिंतीला घासून वर्षानुवर्षं थरावर थर बसला. ('कमरेएवढ्या' हेही बरोबर नाही. काट्यांखालून रांगत आत गेल्यामुळे मी तेव्हा गुडघ्यांवर होते.) आईने आणि आजोबांनी मला, मी अकरा वर्षांची होईपर्यंत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं, आणि चुकलेलं वाक्य दुरुस्त केल्याशिवाय पुढचं वाक्य लिहायचं नाही हा तिथला पहिला नियम होता. म्हणून तुमच्या गुडघ्याची चौकशी दुसऱ्या क्रमांकावर गेली, त्याबद्दल राग मानू नये. गुडघा कसा आहे? सकाळी कपडे वाळत घालताना तुम्ही डाव्या पायावर भार देत नाही असं इथून वाटतं. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. आईचा खोकला गेला. आजोबा ठीक आहेत, पण ते तुम्ही विचारलं नाहीत हे मला माहीत आहे.

त्या मे महिन्यातल्या पत्राला तुम्ही एका ओळीचं उत्तर दिलं होतं: वाचून करमणूक झाली. तेव्हा मला ते कौतुक वाटलं आणि मी ते आईला दोनदा वाचून दाखवलं. आता सगळं कळल्यावर त्या ओळीचा अर्थ मला निराळा लागतो. तुम्ही मला थांबवायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. लहानांनी मोठ्यांना असं म्हणू नये. पण ती मोरी मी नंतर गावच्या सभागृहातल्या प्रदर्शनात मांडली, हेही मला तुम्हाला सांगायला हवं. प्रदर्शनाचं नाव 'रस्त्यालगतचं विसरलेलं' असं होतं. तुम्ही आला नाहीत हे समजण्यासारखं आहे. तुमच्याकडून निघून, पुलापर्यंत उत्तरेला जाऊन, महामार्ग ओलांडून परत दक्षिणेला यायचं म्हणजे बसने अर्धा दिवस जातो, आणि समोर पाहिलं तर तुमच्या स्वयंपाकघरातला दिवा मला इथून दिसतो. (हे पत्रही आता कार्लाइलला जाईल, तिथे रात्रभर मुक्काम करेल आणि मग तुमच्याकडे येईल.)

प्रदर्शन चांगलं झालं होतं, हे मात्र खरं. जिथून गाड्या दिवसभर जातात पण कुणी थांबत नाही, तिथल्या गोष्टी लोकांना फार नवलाच्या वाटल्या. वरच्या घाटाजवळचा तो पूल, जो एका शेतासाठी बांधला आणि बांधून होईपर्यंत ते शेतकरी कुटुंबच सोडून गेलं, त्यावर आता हॉथॉर्नचं झाड उभं आहे आणि ससे सोडून कुणी जात नाही; त्याचं छायाचित्र होतं. कामगारांनी बांधकामाच्या वेळी भरावात आडवा बसवलेला जुना मैलाचा दगड होता, जो वाचायला मान मोडावी लागते. पोलिसांची गाडी उभी करायचा उंचवटा होता, जिथे आता पोलीस येत नाहीत पण ड्रायव्हर अजूनही वेग कमी करतात. आणि मधोमध, हिरव्या कापडावर, माझी रोमन मोरी. तालुक्याच्या इतिहास मंडळाचे थिसलवेट नावाचे गृहस्थ आले होते. त्यांनी चष्मा वर करून तांबड्या पट्ट्याच्या छायाचित्राकडे पाहिलं आणि हा रंग दक्षिण फ्रान्समधून आला असावा असं सांगितलं. आजोबा शेजारी उभे होते. त्यांचा चहाचा कप बशीवर इतका खडखडला की मला वाटलं त्यांची तब्येत बिघडली. बाहेर नेऊन बसवलं, तर डोळे पुसत होते. मी विचारलं, "रडताय का?" तर म्हणाले, "फ्रान्समधून गं," आणि पुन्हा डोळे पुसायला लागले. (थिसलवेटांना मी नंतर सविस्तर माफीचं पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की रोमन लोकांकडेही मेंढ्या होत्याच. मोठ्या मनाचे आहेत.)

आता मुख्य हकीकत, आणि तिच्याविषयी एकच सांगते की आपण जिंकलो आहोत. तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही मी क्रमाने लिहिणार आहे, कारण अर्धी हकीकत म्हणजे अर्धं खोटं असं आजोबा म्हणतात. (त्यांनी स्वतः मला वीस वर्षं अर्धीच हकीकत सांगितली, ते पुढे येईलच.)

ऑगस्टमध्ये महामार्गाच्या खात्याची माणसं आली आणि आमच्या कोपऱ्यातल्या ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळीवर एक पिवळी पाटी लटकवून गेली. रस्त्याखालची वापरात नसलेली पोकळी ऑक्टोबरात काँक्रीटने भरून टाकण्यात येईल, असं तीवर होतं. त्याच आठवड्यात क्लेम एअरींनी सांगितलं की या हिवाळ्यानंतर ते ट्रक विकणार. हे क्लेम एअरी आमचे शेजारी. दर वर्षी आमच्या मेंढ्या ट्रकमध्ये भरून, उत्तरेच्या पुलावरून वळसा घालून, तुमच्या वरच्या डोंगरावर चरायला सोडून येतात आणि पूर्ण रस्ताभर मेंढ्यांच्या वासाबद्दल आजोबांना बोल लावतात. त्यांच्याशिवाय दुसरा ट्रकवाला एवढ्या भाड्यात येणार नाही. आजोबा दोन दिवस कळपातली एकेक मेंढी मोजत फिरले. तिसऱ्या दिवशी जेवताना, पानातल्या बटाट्याकडे पाहत त्यांनी सांगितलं की सगळा कळप ऑक्टोबरच्या बाजारात विकायला काढला आहे. आईच्या हातातला पळीभर रस्सा टेबलावर सांडला. पणजोबांच्या आधीपासूनचा कळप आहे तो. बाजारात विकला की मेंढ्या पंधरा घरी जातील, आणि कुठल्याही घरी त्यांना डोंगर ओळखीचा नसेल.

मी म्हटलं की मेंढ्या त्या कोपऱ्यातून का हलत नाहीत हे आधी मला सांगा. कारण ते कोडं मला लहानपणापासून होतं. दर वर्षी चराईचा हंगाम आला की आमच्या मेंढ्या आपोआप त्या काटेरी जाळीपुढे येऊन ओळीने उभ्या राहतात, जशी माणसं पोस्टाच्या खिडकीपुढे राहतात. ज्या मेंढ्या आता आहेत त्यांच्यापैकी एकीनेही बोगदा आतून पाहिलेला नाही. पण आपल्याकडच्या मेंढ्यांना कुंपण लागत नाही. आईने जिथे चरायला नेलं तिथेच मुलगी चरते, आणि आई जिथे थांबली तिथे मुलगी थांबते. त्यांच्या आयांच्या आयांनी त्यांना तिथे उभं राहायला शिकवलं आणि पुढे काय करायचं ते शिकवायचं राहून गेलं. मी विचारलं की आजोबा सांगायचे, रस्त्याची ऊब घेतात.

त्या रात्री मात्र त्यांनी खरं सांगितलं, तेही तीन कप चहा घेऊन आणि बूट काढताना, म्हणजे मान वर करायला नको. बोगदा तुमच्या दोघा भावंडांच्या तरुणपणी बांधला. जनावरांच्या रोगाच्या वर्षी इकडची मेंढी तिकडे न्यायला बंदी आली म्हणून तो बंद झाला. बंदी उठली तोवर पणजोबा वारले होते, तुम्हाला पूर्वेकडचं घर मिळालं होतं, आजोबांना पश्चिमेकडचं, आणि तांबडी खूण कुणाची यावर तुमचं दोघांचं बिनसलं होतं. आजोबा म्हणाले, कळप माझा म्हणून खूण माझी, डाव्या पुठ्ठ्यावर, बापाने लावली तशीच. तुम्ही म्हणालात, निम्मा डोंगर माझा म्हणून निम्मी खूण माझी, माझ्या वाटणीच्या मेंढ्यांना उजव्या पुठ्ठ्यावर लावा. आजोबांनी नकार दिला. मग तुम्ही बोगद्याचं तुमच्या बाजूचं तोंड बंद केलंत आणि त्यांनी आमच्या बाजूला काटे वाढू दिले, आणि तुम्ही दोघांनीही मला मोरी म्हणून सांगितलं. (मी दोष देत नाही. फक्त रोमन लोक मधे विनाकारण आले, एवढंच.)

एक गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली ती मी तशीच उतरवते. "पहिल्यांदा एकही मेंढी आत जाईना. वर रस्त्यावर रोलर चाललेला, आत अंधार. बाबा शिव्या देऊन दमले. मग युनिस दाण्याची बादली घेऊन पुढे रांगत गेली आणि आतून हाका मारायला लागली. गेल्या की सगळ्या तिच्यामागे." एवढं बोलून ते झोपायला गेले. बूट एकच काढला होता.

दुसऱ्या दिवशी मी महामार्गाच्या खात्याला लिहिलं की पोकळी वापरात आहे. लिहून झाल्यावर मला झोप येईना, कारण ती वापरात नव्हती. म्हणून मी दुसरं पत्र लिहिलं की आधीच्या पत्रातलं 'आहे' हे 'होती आणि असणार आहे' असं वाचावं. बहुधा त्या दुसऱ्या पत्रामुळेच तिकडून माणूस यायचं ठरलं. आई म्हणते, तू गप्प बसली असतीस तर कुणी आलंच नसतं. क्लेम एअरी म्हणाले, "हिला साक्षीदार म्हणून कोर्टात नेऊ नका, दोन्ही बाजूंना फाशी होईल."

गेल्या गुरुवारी मिसेस कुरेशी आल्या. या खात्याच्या निरीक्षक, बोल्टनच्या, चेहऱ्यावरून कडक आणि पिशवीत आपले गमबूट घेऊन आलेल्या. तोवर आजोबांनी आणि मी आठवडाभर कोयत्याने काटे तोडून तोंड मोकळं केलं होतं. आजोबांनी त्यांना नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "मेंढ्या माहीत आहेत का?" त्या म्हणाल्या, "माझ्या आजीकडे शेळ्या होत्या." आजोबा म्हणाले, "मग तुम्हाला सगळं नव्याने शिकायला लागेल." आई स्वयंपाकघरात पळाली आणि तिने जिंजरब्रेडचा अख्खा डबा बाहेर आणला, जो ख्रिसमसशिवाय कुणाला दिसत नाही.

मिसेस कुरेशींनी सरळ सांगितलं की त्यांना बोगदा पाहायचा आहे आणि त्यातून जनावरं जातात का हे पाहायचं आहे. जात नसतील तर काँक्रीट. आजोबांनी कुत्रीला शीळ घातली. मला खात्री होती की एकही मेंढी आत जाणार नाही आणि मी त्यासाठी मनात एक क्षमायाचना तयार ठेवली होती. पण आमची मिसेस ओल्डरॉइड पुढे झाली. (ही कळपातली सर्वांत म्हातारी मेंढी. आधीच्या पाद्र्यांच्या पत्नी प्रत्येक अंत्ययात्रेत सगळ्यांच्या पुढे चालायच्या, त्यांच्यावरून आजोबांनी नाव ठेवलं.) तिने तोंडाशी येऊन वास घेतला, आमच्याकडे एकदा असं पाहिलं की तुम्ही इतकी वर्षं कुठे होतात, आणि आत शिरली. तिच्यामागे दुसरी. मग सगळ्या, न ढकलता, न ओरडता, जणू कालच गेल्या होत्या. आजोबांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. मिसेस कुरेशी म्हणाल्या, "अच्छा." मी ते 'अच्छा' पुढच्या सगळ्या गोंधळातही लक्षात ठेवलं.

गोंधळ असा की मेंढ्या आत गेल्या आणि बाहेर पडल्या नाहीत. शेवटची मेंढी अर्धी आत, अर्धी बाहेर अशी थांबली आणि तिथेच राहिली. आजोबांनी शीळ घातली, कुत्री भुंकली, काही नाही. मेंढीला मागे चालता येत नाही हे तुम्हाला सांगायला नको. मिसेस कुरेशींना मात्र सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, "आजीच्या शेळ्या मागे फिरायच्या." आजोबा म्हणाले, "म्हणूनच तर त्या शेळ्या." तेव्हा पुढे काय अडलंय ते पाहायला कुणीतरी आत जायला हवं होतं, आणि सगळ्यांत बारीक मी होते.

मी भिंतीला चिकटून, लोकरीच्या आणि दगडाच्या मधून, पोटावर सरकत गेले. डोक्यावरून ग्लासगोकडचे ट्रक जात होते. प्रत्येक ट्रकबरोबर बोगदा गुणगुणायचा. मला सतत वाटत होतं की परवानगीशिवाय महामार्गाखाली झोपल्याबद्दल काही दंड असेल, आणि मिसेस कुरेशींना तो मलाच करावा लागेल. पुढे पोचले तर मिसेस ओल्डरॉइड एका फळीला नाक लावून उभी होती. फळ्यांच्या फटींतून उजेड येत होता आणि पलीकडे कोंबड्या होत्या. ते तुमचं खुराडं, आत्याआजी. त्याची मागची भिंत बरोबर बोगद्याच्या तोंडावर आहे. खालच्या फटीतून एक अंडं आमच्या बाजूला घरंगळत आलं होतं. ते मी खिशात जपून ठेवलं, कारण मेंढ्यांनी तुडवलं असतं. (अंडं तुमचं आहे. ते दुसऱ्या दिवशी आजोबांनी खाल्लं. बदली अंडं मी देणं लागते.)

आणि तेवढ्यात तुमचा आवाज ऐकू आला. तुम्ही दाणे टाकत होतात. तुम्ही म्हणालात, "काय गं भवान्यांनो, आज कशाला एवढ्या बावरल्यात? कोल्हा पाहिलात?" मी तुमच्यापासून एका फळीच्या अंतरावर होते. बोलावल्याशिवाय कुणाच्या खुराड्यामागून बोलणं बरं दिसत नाही, म्हणून मी बोलले नाही. पण मिसेस ओल्डरॉइड बोलली. तिने फळीला तोंड लावून एकदा मोठ्यांदा हाक दिली. मग तुमच्या बाजूला सगळं शांत झालं. दाणे पडायचेही थांबले. तुम्ही बराच वेळ तिथेच उभ्या होतात हे मला फटीतून दिसणाऱ्या तुमच्या बुटांवरून कळलं. याबद्दल मी घरी कुणाला काहीही सांगितलेलं नाही.

परत आल्यावर मेंढ्या बाहेर काढायचं काम निघालं. एकेकीचे मागचे पाय धरून, उलट्या ओढून. आजोबा पोटावर पडले, त्यांचे पाय मी धरले, आणि थोड्या वेळाने माझे पाय मिसेस कुरेशींनी धरले, कारण चिखलात मी आत घसरत होते. क्लेम एअरी कुंपणावर बसून म्हणाले, "एवढी माणसं लावून काढतात ते फक्त दात." शेवटी मिसेस ओल्डरॉइड निघाली, उलटी, ताठ मानेने, आणि मग दिवसभर तिने आजोबांकडे पाठ ठेवली.

मिसेस कुरेशी स्वतः आत जाऊन आल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या सरकारी पिवळ्या जाकिटाला दोन्ही बाह्यांवर तांबडा रंग होता. त्यांनी विचारलं की हा रंग कसला. मी फ्रान्सचा विषय काढला नाही. आजोबांनी सांगितलं की खूण डाव्या पुठ्ठ्यावर असते. मेंढ्या जाताना एक भिंत रंगते, येताना दुसरी. मिसेस कुरेशींनी वाकून आतल्या दोन्ही भिंती पुन्हा पाहिल्या. म्हणाल्या, "म्हणजे दोन्ही भिंती रंगल्या आहेत, म्हणजे नुसत्या गेल्या नाहीत, परतही आल्या." आजोबा म्हणाले, "दर वर्षी." मग बाईंनी आपल्या जाकिटाकडे पाहिलं. "आणि हा ओला आहे." आजोबा म्हणाले, "तो आजचा. लोकर भिजली की रंग सुटतो."

मिसेस कुरेशी जिंजरब्रेड खात गाडीच्या बोनेटवर कागद ठेवून लिहायला लागल्या, आणि लिहिता लिहिता म्हणाल्या, "पोकळी वापरात नाही असं मी लिहू तरी कशी? मला आत शिरायला जागा नव्हती." काँक्रीटचं काम थांबवण्यात आलं आहे. पिवळी पाटी त्यांनी स्वतः काढली. ती आता आमच्या कोंबडीच्या पिल्लांवर झाकण म्हणून आहे. आजोबांनी बाजारात फोन करून कळपाचं नाव मागे घेतलं. फोनवर ते इतकंच म्हणाले, "नाही विकत. कारण? कारण त्यांना काम आहे." त्या रात्री आईने भट्टीत भाजलेली मटणाची पाई केली, आजोबांनी दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि क्लेम एअरींनी आपल्या ट्रकच्या आठवणी सांगून सगळ्यांना झोपवलं. सभागृहात जाऊन मी प्रदर्शनातल्या चिठ्ठीवरचा 'रोमन' शब्द खोडला आणि 'आपली' लिहिलं. इतकं निर्मळ यश माझ्या आयुष्यात पहिलंच आहे, आणि ते सर्वांत आधी तुम्हाला कळवावं असं वाटलं.

गुडघ्याला ऊब द्या. थंडी लवकर येणार असं मेंढ्यांच्या लोकरीवरून दिसतं.

तुमची, मध्ये सहा पदरी रस्ता असूनही,
ब्रायनी

ता. क. यश निर्मळ आहे असं वर लिहिलं, त्यात एक भर. मिसेस कुरेशींनी काम थांबवलं आहे ते या महिनाअखेरपर्यंतच. त्यांच्या शब्दांत, आत जाणारी मेंढी त्यांनी पाहिली. आता पलीकडे बाहेर पडणारी पाहायची आहे. तसं झालं तर बोगदा कायमचा आपला. नाही झालं तर ऑक्टोबरात काँक्रीट, आणि काँक्रीटनंतर बाजार. आजोबांनी कळपाचं नाव मागे घेतलं हे खरं, पण बाजारवाल्याने जागा अजून राखून ठेवली आहे, असं त्याने मला हळूच सांगितलं. हे वरती लिहायला हवं होतं. तिथे लिहिलं असतं तर तुम्ही पत्र तिथेच मिटलं असतंत अशी मला भीती होती.

दुसरा ता. क. तेव्हा विनंती अशी की खुराडं हलवावं. त्याला चाकं आहेत असं दुर्बिणीतून दिसतं. (दुर्बिणीबद्दल क्षमा असावी, तुमच्या खिडकीकडे मी रोखलेली नाही, किंवा एकदाच, आणि तेव्हा तुम्ही नव्हतात.) चाकं गंजली असली तर क्लेम एअरी वळसा घालून यायला तयार आहेत. भाडं घेणार नाहीत, फक्त बोलतील.

तिसरा ता. क. मी हे पत्र लिहिते आहे हे आजोबांना माहीत नाही. मी त्यांना म्हटलं होतं की तुम्हीच आत्याआजींना सांगा. तर म्हणाले, "तिने बंद केलं, मी कशाला बोलू." पण रविवारी ते हिवाळ्याआधीची खूण करत होते, आणि संध्याकाळी मी कुरणात गेले तर निम्म्या मेंढ्यांना तांबडी खूण उजव्या पुठ्ठ्यावर होती. मी विचारलं, हे काय. म्हणाले, "हात चुकला." मी म्हटलं, इतक्या वेळा? तर म्हणाले, "म्हातारा झालोय. तू तुझं काम बघ." आणि मग, गोठ्याचं दार लावताना, माझ्याकडे न पाहता विचारलं की तिच्याकडची ती दाण्याची बादली अजून असेल का.

शेवटचा ता. क. तुमचं उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं, तरी मी ठरवलं आहे, आणि मी सहसा काही ठरवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मिसेस कुरेशी तुमच्या बाजूला उभ्या राहतील. मेंढ्यांच्या पुढे मी असेन, आमच्याकडची बादली घेऊन, रांगत. खुराडं हललेलं असेल तर मी तुमच्या अंगणात उभी राहीन. नसेल, तर मी फळीवर टकटक करेन आणि तुम्ही कोंबड्यांना बोलता तसं माझ्याशी बोलेपर्यंत, सगळा कळप मागे घेऊन, तिथेच थांबेन. शनिवार, २७ सप्टेंबर, सकाळी सात.